लिहून पोट भरणाऱ्यांनी मॅरेथॉनचा सराव कसा करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहते. चौदा वर्षं घरून लेखन, अनुवाद आणि मुद्रितशोधन करते आहे. त्यातली गेली सात वर्षं लांब पल्ल्याचं धावतेही आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा आणि मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, तीन वेळा पुरी केली. वेग साधारण आहे. शेवटची मुंबई पाच तास अकरा मिनिटांत झाली. नोकरी करणाऱ्यांसाठी सरावाची वेळापत्रकं हवी तेवढी मिळतात. ज्यांना ऑफिस नाही, पगाराची तारीख नाही आणि काम कधी कोसळेल याचा नेम नाही, त्यांचे प्रश्न वेगळे असतात. ते मला सारखे विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

घरून काम म्हणजे वेळ तुमच्याच हातात. मग अडचण कुठे येते?

नेमकी तिथेच. साडेनऊला ऑफिस गाठायचं असलं की माणूस साडेसातला धावून परत येतोच. आपल्याला मात्र ‘आत्ता हे पान संपवू, संध्याकाळी जाऊ’ असं म्हणायची मोकळीक असते. संध्याकाळी संपादकांचा फोन येतो, मजकूर तातडीनं बघायचा असतो आणि बूट दाराशीच राहतात. पहिली दोन वर्षं माझे कितीतरी रन असे गेले. त्यात आळस नव्हता. प्रत्येक वेळी समोर आलेलं काम खरंच महत्त्वाचं होतं, आणि म्हणूनच ते ओळखायला मला दोन वर्षं लागली.

आता धावण्याची वेळ ठरलेली आहे: पहाटे साडेपाच. सकाळी नऊच्या आधी मी कामाचा फोन घेत नाही आणि हे सगळ्या संपादकांना, प्रकाशकांना सांगून ठेवलं आहे. कुणीही वाईट वाटून घेतलं नाही. उलट एका संपादक ताईंनी सांगितलं की, त्यांनाही नऊच्या आधी फोन करायला नको असतो, पण लेखक उठलेला असेल तर उगाच वाट का बघा, म्हणून त्या करत होत्या.

दुसरी कड रात्रीची. साडेनऊला लॅपटॉप बंद. ही कड पाळणं पहाटे उठण्यापेक्षा अवघड आहे, असं मी अनुभवानं सांगते. लेखन आणि धावणं दोन्ही वाढलं की दोघं मिळून झोपेवर हात टाकतात. पाच तासांच्या झोपेवर आठवडाभर लिहिताही येतं आणि धावताही येतं, म्हणून आपल्याला वाटतं की जमतंय. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते, सर्दी रेंगाळते आणि अनुवादात एकच क्रियापद पानात सहा वेळा येतं. सराव सुरू असताना मला साडेसात तास लागतात. ते मिळणार नसतील तर त्या दिवशीचा रन रद्द.

माझं लेखन रात्रीच रंगतं. पहाटेच धावायला हवं का?

नाही. संध्याकाळी सहाला धावणारे उत्तम धावपटू मी पाहिले आहेत. दिवसभराच्या हालचालीनं अंगही सैल झालेलं असतं. फक्त रविवारचा लांबचा रन पहाटे करा. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन अंधारातच सुरू होते आणि त्या वेळी पोट कसं वागतं, आधी काय खाल्लेलं पचतं, हे अंगाला माहीत असायला हवं. रात्री दोनपर्यंत लिहिणाऱ्यांनी शनिवारची रात्र तेवढी मोकळी ठेवावी.

आठवड्यात किती धावायचं? तुमचा नेमका आठवडा सांगा.

नोव्हेंबरातला माझा आठवडा असा असतो. सोमवारी धावणं नाही. रविवारच्या थकव्यानंतर पाय सोडवायला अर्धा तास चालते आणि त्या दिवशी स्वतःचं लेखन सगळ्यात जास्त करते. मंगळवारी ८ किलोमीटर अगदी हलके. बुधवारी घरीच पाऊण तास ताकदीचे व्यायाम. गुरुवारी १० किलोमीटर, त्यातले मधले ५ जोरात, किंवा त्याऐवजी वेताळ टेकडीवर चढ-उतार. शुक्रवारी ६ ते ८ हलके. शनिवारी सुट्टी. रविवारी लाँग रन, जो सप्टेंबरात १४ पासून सुरू होऊन डिसेंबरच्या शेवटी ३० ते ३२ पर्यंत जातो. दर चौथ्या आठवड्यात सगळंच कमी करते.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून अठरा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. तोवर आठवड्याला २५-३० किलोमीटर आरामात होत असले पाहिजेत. शून्यापासून अठरा आठवड्यांत पूर्ण मॅरेथॉन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक वर्ष दहा आणि एकवीस किलोमीटरला द्या.

आता तासांचा हिशेब, कारण लेखकाला तोच महत्त्वाचा. माझ्या वेगानं पन्नास किलोमीटरला साडेसहा तास लागतात. व्यायाम, जाणं-येणं, अंघोळ, रविवारची जास्तीची झोप धरून आठवड्याचे बारा तास जातात. हा दीड कामाचा दिवस आहे. तो कुठून तरी काढावा लागतो आणि मी तो कामातून काढते. सप्टेंबर ते जानेवारी मी पाचव्या हिश्श्यानं कमी काम घेते. उत्पन्न तेवढं कमी होतं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते: सरावाचा सगळ्यात मोठा खर्च बुटांचा नसतो, न घेतलेल्या कामांचा असतो. एप्रिल ते जून मी तो भरून काढते, तेव्हा पुण्यात उन्हामुळे तसंही फार धावता येत नाही.

दिवाळी अंकांचा हंगाम आणि सराव एकाच वेळी येतात. कसं निभावता?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मराठीत लिहिणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणाला तो पडणारही नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपलं लेखनाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. आजही दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात. त्यांचं बोलणं मे-जूनमध्ये होतं, मजकूर जुलै-ऑगस्टमध्ये मागतात, प्रुफं गणपतीच्या आगेमागे येतात. साताऱ्याची हिल मॅरेथॉन पावसाळा सरता सरता असते. म्हणजे तिचा चढाचा सराव आणि कथा-लेखांच्या मुदती एकमेकांच्या अंगावर येतात. तिथून दम खाईपर्यंत मुंबईचे अठरा आठवडे सुरू होतात.

एका वर्षी मी सात अंकांना होकार दिला होता. त्या ऑगस्टमध्ये माझे अकरा रन बुडाले, सातांतले दोन लेख मला आजही पुन्हा वाचवत नाहीत, आणि साताऱ्याला यवतेश्वरचा घाट मी जवळजवळ पूर्ण चालत चढले. तो घाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: शहरातून निघून समर्थ मंदिरावरून बोगदा ओलांडला की रस्ता कासच्या दिशेनं वर वर चढत जातो. धुकं असतं, बारीक पाऊस असतो, गावातली माणसं ढोल वाजवत उभी असतात. अर्धी शर्यत चढ आणि उरलेली अर्धी उतार. उतार सोपा वाटतो, पण मांड्यांचे खरे हाल तोच करतो. सराव नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. मला चार दिवस आला नाही, आणि त्याच चार दिवसांत तीन अंकांची प्रुफं आली.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. दिवाळीसाठी तीनच लेख, आणि त्यांची निवड जूनच्या पंधरा तारखेला बंद. नंतर कितीही आवडता अंक असो, पुढच्या वर्षीचं बोलते. पहिला खर्डा ३० जूनपर्यंत कागदावर असलाच पाहिजे. वाईट असला तरी चालेल. मग जुलै-ऑगस्टमध्ये फक्त पुनर्लेखन उरतं. पुनर्लेखन धावण्याच्या थकव्यात होऊ शकतं, कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य मांडणं होत नाही. निदान माझं तरी होत नाही. कवितेचं मला सांगता येणार नाही.

आणि दिवाळीचे चार दिवस? फराळ करायचा, खायचा, अंक वाचायचे. त्या रविवारी १६ किलोमीटरपेक्षा जास्त धावू नका. चार दिवसांत काहीही वाया जात नाही. खरी भर नोव्हेंबर-डिसेंबरात पडते. तेव्हा पुस्तकांच्या प्रकाशकांची घाई असते, विशेषतः पुण्यात २०२३पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरायला लागल्यापासून, पण ती घाई बहुतेक मुद्रितशोधनाची असते आणि तिचे तास मोजता येतात.

मुदत अगदी अंगावर आली तर कोणता रन सोडायचा?

आधी शुक्रवारचा, मग मंगळवारचा. गुरुवारचा जोराचा रन हलका केला तरी चालतो. रविवारचा लाँग रन शेवटपर्यंत धरून ठेवा. बुडालेला रन दुसऱ्या दिवशीच्या रनमध्ये मिळवू नका. बहुतेक दुखापती या ‘भरपाई’तूनच होतात.

हळू धावा असं सगळे सांगतात. किती हळू?

पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकं. नॉर्वेत काम करणारे शास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यातला साधारण ८० टक्के भाग असा हलका निघाला. आपण नेमके उलट करतो. वेळ कमी आहे म्हणून प्रत्येक रन धापा टाकत उरकतो आणि मग दिवसभर डोकं जड राहतं. लेखकासाठी हलकं धावणं आणखी एका कारणानं गरजेचं आहे: जोरात धावून आल्यावर पुढचे दोन तास माझ्याकडून नीट वाक्य उतरत नाही, हलकं धावून आल्यावर अर्ध्या तासात उतरतं.

बोलण्याच्या या कसोटीतून मला एक चांगली सवय लागली. अनुवादात अडलेलं वाक्य मी धावताना मोठ्यानं म्हणून बघते. तळजाई टेकडीच्या वाटेवर उजाडता उजाडता ऐकायला मोरांशिवाय कुणी नसतं. वाक्य मध्येच श्वासासाठी तोडावं लागलं तर ते लांब झालेलं असतं, किंवा त्यात ‘की’ आणि ‘जे’ यांची साखळी झालेली असते. तिथल्या तिथे दोन वाक्यं करून पुन्हा म्हणायची. गेल्या तीन पुस्तकांतले कितीतरी संवाद असे तळजाईवर सुटले आहेत.

धावताना सुचलेलं टिपून कसं ठेवता?

थांबते आणि फोनवर वीस सेकंद बोलून ठेवते. नंतर आठवेल असं म्हणू नका. जिना चढेपर्यंत ते गेलेलं असतं. लाँग रनमध्ये मात्र १५ किलोमीटरनंतर जे सुचतं त्यातलं फार थोडं घरी आल्यावर उपयोगी पडतं. तेव्हा ते फार ग्रेट वाटतं, पण बहुधा रक्तातली साखर उतरलेली असते. तेवढ्यासाठी थांबू नका.

लाँग रननंतर दुपारी काम करता का?

करत होते. एका रविवारी २८ किलोमीटर धावून आले, जेवले, आणि लहान मुलांच्या एका पुस्तकाची शेवटची प्रुफं घेऊन बसले. सोमवारी सकाळी ती छपाईला जायची होती. दोन चित्रांखालच्या ओळींची अदलाबदल झालेली मला दिसली नाही. रानमांजराच्या चित्राखाली उदमांजराचं वर्णन छापलं गेलं. प्रकाशकांनी समजून घेतलं, पण पुस्तक मुलांच्या हातात तसंच गेलं आणि ते मला अजून लागतं. डोळे उघडे होते, प्रत्येक शब्द वाचला होता, तरी दिसलं नाही.

त्यानंतर रविवार दुपार ते सोमवार सकाळ माझ्याकडे छपाईला जाणारं काहीही नसतं. रविवारी दुपारी झोपते, संध्याकाळी फार तर बिलं बनवते आणि तीही सोमवारी एकदा तपासून पाठवते. आकडेही चुकतात.

खाण्याचं काय? बाजारातली जेल, म्हणजे पाकिटातली घट्ट गोड पाकं, घ्यावीच लागतात का?

घरून काम करणाऱ्यांचा हा मोठा फायदा आहे: स्वयंपाकघर दहा पावलांवर. तोटाही तोच. लिहिताना अडलं की माणूस डबे उघडतो.

आठवड्यातल्या ८-१० किलोमीटरसाठी धावण्याआधी एक केळं पुरतं. आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नीट खा. माझ्याकडे पोहे आणि दोन अंडी, किंवा मुगाची धिरडी आणि दही. फक्त चहा-बिस्किटांवर लिहायला बसलात तर अकरा वाजता भूक मजकूर पुसून टाकते. दुपारी भाकरी, उसळ, भाजी, ताक. रोजचं जेवण नीट असेल तर डब्यातल्या पावडरी लागत नाहीत, असं मला वाटतं. प्रथिनं कमी पडत असतील तर आधी डाळ-उसळ-अंडी-पनीर वाढवून बघा.

लाँग रनचं गणित वेगळं. अंगात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येतं, म्हणून दीड तासाहून लांब धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. मी बिया काढलेले खजूर, राजगिऱ्याचे छोटे लाडू आणि गुळाचे खडे नेते. शेंगदाण्याची चिक्की पळताना चावत नाही आणि तिच्यातलं तूप-तेल पोटात बसून राहतं, म्हणून ती नंतरसाठी. मुंबईत शेवटच्या १२ किलोमीटरला मात्र मी जेल घेते, कारण तेव्हा चावायची ताकदच नसते. जे शर्यतीत खाणार ते आधी चार-पाच रविवारी खाऊन बघितलेलं हवं.

पाणी किती प्यायचं?

तहानेप्रमाणे. हे उत्तर अपुरं वाटतं, पण बरोबर तेच आहे. जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरणं हा खरा धोका आहे. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा दर शंभरांत तेरा जणांचं सोडियम कमी निघालं आणि त्यातले बरेच जण हळू धावणारे, वाटेत भरपूर पाणी पिणारे होते. आपल्यासारखे पाच तासवाले याच गटातले. मुंबईची हवा जानेवारीतही दमट असते, घाम वाळत नाही, म्हणून पुण्याच्या कोरड्या गारव्यात सराव केलेल्यांना तिथे गोंधळायला होतं. नुसत्या पाण्याऐवजी मधूनमधून ओआरएस घ्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा. मी त्यात लिंबू पिळते.

दिवसभर खुर्चीत बसल्यानं धावण्यावर परिणाम होतो का?

होतो. मांडीचा पुढचा-वरचा भाग आखडतो, पार्श्वभागाचे स्नायू झोपी जातात, आणि मग त्यांचं काम गुडघे आणि पोटऱ्या करतात. मी पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवत नाही. माठ स्वयंपाकघरात आहे, दर वेळी उठावं लागतं. फोनवरचं बोलणं उभ्यानं किंवा चालत. बुधवारच्या व्यायामात उठाबशा, पायरीवर एका पायानं टाच वर-खाली करणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक आणि पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन पायऱ्या चढणं. बस. याला पैसे लागत नाहीत, सातत्य लागतं. ज्या महिन्यात मी बुधवार चुकवले त्या महिन्यात गुडघा बोलला आहे.

बाईनं एकटीनं पहाटे अंधारात धावावं का?

मनापासून सांगते, धावावं. पण विचार करून. माझा हलका सराव मी सोसायटीजवळच्या ओळखीच्या रस्त्यांवर करते, जिथे दूधवाले, पेपरवाले आणि फिरायला येणारे आजी-आजोबा असतात. टेकडीवर उजाडल्याशिवाय किंवा सोबतीशिवाय जात नाही. लाँग रन गटाबरोबर. पुण्यात प्रत्येक भागात पहाटे धावणारे गट आहेत आणि नव्या माणसाला ते आनंदानं सामावून घेतात. अंधारात चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घालते, कानात काही नसतं, फोनवरून माझं ठिकाण नवऱ्याला दिसत असतं. कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, डोळ्यांत न बघता हळूहळू चालत बाजूला व्हा. चावलंच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस सुरू करा.

ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ साली, लॉस एंजेलिसला पहिल्यांदा झाली. त्याआधी इतकं अंतर बायकांना झेपणार नाही, असंच मानत होते. आणि आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली, २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. दुष्काळी भागातल्या रस्त्यावर तिनं सुरुवात केली. पहाटे दाराची कडी काढताना मला तिची आठवण येते, आणि त्यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही.

पाळीच्या दिवसांत आणि चाळिशीनंतर काय बदलायचं?

पहिले दोन दिवस मी हलकं चालते किंवा हलकं धावते, त्रास असेल तर काहीच करत नाही. सरावाचा तक्ता आठवड्याचा असला तरी माझा महिना पाळीप्रमाणे आखलेला असतो आणि कमी धावण्याचा आठवडा शक्यतो तिथे येतो. दुसरं, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दोन्ही तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. माझा होता, आणि चार महिने मी स्वतःला आळशी समजत होते. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. जेवणाबरोबर चहा टाळा, लिंबू पिळा.

खर्च किती येतो? मानधन तर वेळेवर येत नाही.

बूट हा मुख्य खर्च. एक जोड ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, म्हणजे मुंबईच्या एका सरावात एक संपतो. गेल्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळतं, तेच घ्या. घड्याळ नसलं तरी चालतं. पहिली दोन वर्षं मी फोनवर भागवलं. नावनोंदणीचं शुल्क कित्येक महिने आधी भरावं लागतं आणि शक्यतो परत मिळत नाही, म्हणून ते बाजूला काढलेलं हवं. एका दिवाळी अंकाचं मानधन मला पुढच्या मे महिन्यात मिळालं होतं. त्या भरवशावर मी बूट घेणार होते. तेव्हापासून दर मानधनातले पाच टक्के आल्या आल्या वेगळ्या खात्यात टाकते, आणि धावणं त्या खात्यावर चालतं.

दुखायला लागलं तर थांबायचं कधी?

दुखण्यामुळे पाऊल टाकण्याची ढब बदलली, की त्याच क्षणी. रिक्षा करून घरी या. हाडावर एका बोटानं दाखवता येईल असं दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा, आठवडाभर वाट बघू नका.

घरच्यांचं काय म्हणणं असतं?

माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, ‘‘एवढं धावून जायचंय तरी कुठं?’’ मी त्यांना एका रविवारी मुंबईला घेऊन गेले. पेडर रोडच्या चढावर, जिथे परतीच्या धावपटूंचे पाय जड झालेले असतात, तिथे त्या संत्र्याच्या फोडींचा डबा घेऊन तीन तास उभ्या होत्या आणि मी पोचेपर्यंत डबा अनोळखी लोकांत संपला होता. आता शनिवारी रात्री त्याच मला लवकर झोपायला लावतात. पण हे सगळीकडे होईल असं नाही. रविवारी सकाळी चार तास तुम्ही घरात नसता, आल्यावर झोपता. ते काम कुणीतरी करत असतं. आमच्याकडे रविवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण नवरा करतो, आणि त्याबदल्यात त्याच्या ट्रेकच्या शनिवारी मी काही काम घेत नाही.

शर्यतीच्या आधीचे तीन आठवडे कामाचं काय करता?

धावणं कमी होतं, शेवटच्या आठवड्यात जवळजवळ निम्म्याहूनही कमी. मोकळा वेळ दिसला की आपण नवीन काम घेतो; तसं करू नका. बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, घ्यायला आधीच्या दिवसांत स्वतः मुंबईत जावं लागतं, पुणेकरांचे किमान तीन दिवस जातात. मी त्या आठवड्याच्या सगळ्या मुदती आधीच्या सोमवारी पूर्ण करते आणि लॅपटॉप पुण्यातच ठेवते. शेवटच्या आठवड्यात अंग विनाकारण ठणकतं, चिडचिड होते, सगळा सराव फुकट गेला असं वाटतं. हे जवळपास सगळ्यांना होतं. त्या दिवसांत महत्त्वाच्या ईमेलला उत्तर लिहून मसुद्यात ठेवावं आणि सकाळी वाचून पाठवावं.

मॅरेथॉन झाल्यावर किती दिवसांनी कामाला बसता?

सोमवारी पुण्याला येते. मंगळवारी काहीच नाही. बुधवारपासून पत्रव्यवहार आणि वाचन, पुढच्या सोमवारपासून नवा अनुवाद. धावणं दहा दिवसांनी, तेही तीन किलोमीटर. या मधल्या काळात एक रितेपण येतं. अठरा आठवडे दर पहाटेला कारण होतं, ते अचानक नसतं. मी तेव्हा पुढच्या शर्यतीचा अर्ज भरत नाही. पहाटे उठून चहा घेते आणि दिवाळीसाठी मनात घोळणाऱ्या विषयांच्या दोन-दोन ओळी वहीत लिहिते. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला गेल्या दिवाळीच्या न आलेल्या मानधनांची यादी काढते आणि प्रत्येक संपादकांना एकेक पत्र पाठवते.